थोरल्याच्या आयडीवरचे गेम धाकट्याला का उघडत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: आम्ही खारघरला राहतो. घरी पीएस ५ (प्लेस्टेशन ५ हे गेमचं मशीन) आहे, जुना पीएस ४ माळ्यावर पडून आहे. सगळे डिजिटल गेम थोरल्या मुलाच्या आयडीवर, म्हणजे खात्यावर, घेतलेत. धाकटा आठवीत आहे, तो स्वतःच्या आयडीवरून तेच गेम खेळायचा. मे महिन्यात दोघं ठाण्याला मामाकडे पंधरा दिवस राहून आले, तेव्हापासून धाकट्याच्या आयडीवर प्रत्येक गेमला कुलूप दिसतंय. थोरला पुढच्या आठवड्यात ऐरोलीला हॉस्टेलवर जातोय, त्याच्या लॅपटॉपवर स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकानही आहे. मामा म्हणतो, आपण आयडी अदलाबदल करू, एका पैशात दोन घरं खेळतील. शेजारचा मुलगा म्हणतो, टेलिग्रामवर ‘प्रायमरी’ गेम अकराशेला मिळतो. काय करावं?

ताई, आधी एक सांगतो, मशीन उघडायला कुणाकडे देऊ नका. त्यात बिघाड नाही. नौपाड्यात माझं कन्सोल दुरुस्तीचं दुकान आहे, पंधरा वर्षं झाली. दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की ‘गेम लॉक झालेत’ म्हणून चार-पाच मशीन काउंटरवर येतात. आणणाऱ्याला मी एकच विचारतो, पोरं सुट्टीत कुणाकडे राहायला गेली होती?

तुमच्याकडे घडलं असं असणार. मामाच्या पीएस ५ वर थोरल्यानं आपला आयडी टाकला. तेव्हा हे मशीन शेअरिंगसाठी, म्हणजे आपले गेम त्यावरच्या इतरांना खेळू देण्यासाठी, वापरायचं का, असं पडद्यावर आलं. पोरं असले प्रश्न वाचत नाहीत, गेम लवकर सुरू व्हावा म्हणून जे बटण समोर येईल ते दाबतात. त्यानं हो म्हटलं आणि त्याच क्षणी खारघरच्या मशीनवरचं शेअरिंग बंद पडलं. एका आयडीला एकाच पीएस ५ वर ही सोय मिळते. थोरल्याला काही फरक जाणवला नाही, कारण तो स्वतःच्या आयडीनं कुठेही खेळू शकतो. कुलूप दिसलं ते धाकट्याला.

उपाय दोन मिनिटांचा आहे, पण तो थोरला घरी असतानाच करून घ्या. हॉस्टेलवर गेल्यावर फोनवरून पासवर्ड आणि ओटीपी विचारत बसायची वेळ येईल. घरच्या मशीनवर त्याचा आयडी उघडायचा. सेटिंग्जमध्ये युजर्स अँड अकाउंट्स, त्यात सर्वांत खाली अदर, तिथे ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’. ते चालू करायचं. मग धाकट्याच्या आयडीवर जाऊन बघायचं. तरीही एखाद्या गेमवर कुलूप राहिलं, तर त्याच अदरमध्ये ‘रिस्टोअर लायसन्सेस’ आहे, ते थोरल्याच्या आयडीवरून एकदा चालवायचं. गेम पुन्हा डाउनलोड करायची गरज नाही. शंभर जीबीचा गेम उडवून पुन्हा उतरवत बसलेले लोक मी पाहिलेत, आणि तो उतरल्यावर कुलूप होतं तिथेच.

आता मामाच्या योजनेकडे येतो. त्यासाठी हे लायसन्स प्रकरण नेमकं काय आहे ते कळायला हवं.

नवी मुंबईत भाड्यानं राहिलेल्या माणसाला लीव्ह अँड लायसन्स वेगळं समजवायला लागत नाही. अकरा महिन्यांचा करार होतो, तो एकाच्या नावावर असतो. घर आपलं होत नाही, राहायची परवानगी मिळते. ज्याच्या नावावर करार आहे त्याचं कुटुंब त्या घरात राहतं, त्याला मालकाची हरकत नसते. पण तोच फ्लॅट तुम्ही तिसऱ्याला पोटभाड्यानं दिलात तर मालक दारात उभा राहतो. डिजिटल गेमचं अगदी असंच आहे. तुम्ही पाच हजार मोजले तरी गेम तुमच्या मालकीचा होत नाही. थोरल्याच्या आयडीला तो खेळायची परवानगी मिळते. कॅलिफोर्नियात २०२५ च्या जानेवारीपासून कायदाच लागू झालाय की डिजिटल वस्तू विकताना हे लायसन्स आहे असं ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. तो लागू होण्याआधीच स्टीमनं पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली.

ही परवानगी दोन वाटांनी चालते. एक वाट माणसाची. थोरला जगात कुठल्याही पीएस ५ वर बसला, स्वतःचा आयडी टाकला आणि नेट चालू असलं की त्याचे गेम उघडतात. दुसरी वाट मशीनची. ज्या एका मशीनवर त्याचं शेअरिंग चालू आहे, तिथे कुणीही, आपापल्या आयडीवरून, थोरला तिथे नसतानाही त्याचे गेम खेळतो, आणि नेट नसलं तरी खेळतो. पावसाळ्यात बिल्डिंगच्या गच्चीवरचा केबलवाल्याचा डबा भिजला की कळतं ही दुसरी वाट किती मोलाची आहे.

म्हणून माझा नियम सोपा आहे. ज्यानं गेम विकत घेतलाय तो आपली वाट सोबत घेऊन फिरतो, त्याला शेअरिंगची गरज फार कमी. शेअरिंग तिथे ठेवायचं जिथे विकत न घेणारी माणसं खेळतात. तुमच्या घरात ते मशीन खारघरचं. थोरला मामाकडे गेला तर स्वतःच्या आयडीनं खेळेल, आणि त्याच वेळी धाकटा घरी तोच गेम खेळत असेल. दोघं एकमेकांविरुद्धही खेळू शकतात. एकच खरेदी, दोन मशीन, दोन माणसं. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर हे चालतं. फक्त मामाकडे तो पुन्हा आयडी टाकेल तेव्हा शेअरिंगच्या प्रश्नाला नाही म्हणायचं. हे त्याला आत्ताच बजावून ठेवा.

आता अदलाबदल. मामाची कल्पना नवीन नाही, कॉलेजची मुलं हे वर्षानुवर्षं करतात. मामाच्या आयडीचं शेअरिंग खारघरच्या मशीनवर, थोरल्याच्या आयडीचं शेअरिंग ठाण्याच्या मशीनवर. एकेकटे राहणारे दोन मित्र असतील तर हिशेब बरोबर बसतो. दोघंही आपापले गेम स्वतःच्या आयडीनं उघडतात आणि मित्राचे गेम शेअरिंगमुळे मिळतात.

तुमच्या घरात हे कसं दिसेल बघा. शनिवारची संध्याकाळ, खारघर. थोरला ऐरोलीला. धाकटा स्वतःच्या आयडीवर बसलाय. मामानं घेतलेले सगळे गेम उघडतायत, आणि थोरल्यानं घेतलेल्या प्रत्येक गेमला कुलूप. म्हणजे जे कुलूप काढायला तुम्ही माझ्याकडे आलात, तेच तुम्ही हातानं लावून घेणार. तिकडे ठाण्यात मामाच्या मुलीचीही तीच गत. दादाचे गेम चालतील, बाबांनी घेतलेले चालणार नाहीत. मग ती बाबांच्या आयडीवरून खेळणार आणि बाबांचं अर्धवट सेव्ह पुसून ठेवणार. घरात एकाहून जास्त खेळणारे असले की अदलाबदल करू नये, हे माझं ठाम मत आहे. वरून नेट गेलं की दोन्ही घरांत स्वतःच विकत घेतलेले गेम बंद.

आपला आयडी दुसऱ्याच्या मशीनवर ठेवण्यात आणखी एक भोक आहे, आणि त्यात मी स्वतः पडलोय. काही वर्षांपूर्वी कळव्याला बहिणीच्या मशीनवर माझा आयडी ठेवला होता. हेतू हाच, भाच्याला गेम खेळता यावेत. आयडीला पासकोड लावला नाही, कारण घरचंच मशीन आहे ना! वॉलेटमध्ये सणाला टाकलेले चार हजार होते. भाच्यानं माझा आयडी उघडला आणि फुटबॉलच्या गेममधले पॉइंट घेतले, चार वेळा. मला ई-मेल आले तेव्हा मी एका पीएस ४ च्या एचडीएमआय पोर्टला डाग देत होतो, संध्याकाळपर्यंत पाहिलेच नाहीत. पैसे परत मिळत नाहीत. खात्यात जमा झालेले पॉइंट, नाणी वगैरे रिफंडमध्ये बसत नाहीत. बहिणीला मी काही बोललो नाही, पण त्या रात्रीच चार आकडी पासकोड लावला आणि खरेदीच्या वेळी पासवर्ड विचारायची सेटिंगही चालू केली. थोरल्याच्या आयडीवर हे दोन्ही आजच करा, मामाकडेही आणि घरीही.

पॉइंटांवरून आठवलं. शेअरिंगमध्ये गेम जातो, प्लेस्टेशन प्लस या वर्गणीची मेंबरशिप असेल तर ऑनलाइन खेळायची सोयही त्या मशीनवरच्या सगळ्यांना मिळते. म्हणजे धाकट्यासाठी वेगळं प्लस घ्यायची गरज नाही. पण गेममधलं चलन ज्याच्या आयडीवर घेतलं त्याच्याच आयडीवर राहतं. थोरल्याच्या आयडीवरचे पॉइंट धाकट्याच्या संघात यायचे नाहीत. आणि प्लससोबत दर महिन्याला मिळणारे गेम मेंबरशिप संपली की दोघांनाही बंद होतात, ते विकत घेतलेल्यांत धरू नका.

मामाला मग काय द्यायचं? तर माळ्यावरचा पीएस ४ खाली काढा. प्रत्येक आयडीला एक पीएस ५ शेअरिंगसाठी मिळतो आणि त्याशिवाय वेगळा एक पीएस ४ ‘प्रायमरी’ म्हणून मिळतो. पीएस ४ वर शेअरिंगच्या मशीनला प्रायमरी म्हणतात. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पीएस ४ भंगारात काढतात किंवा ओएलएक्सवर किरकोळ किमतीला फुंकून टाकतात. तो पीएस ४ थोरल्यानं स्वतः आपला आयडी टाकून, अकाउंट मॅनेजमेंटमधून प्रायमरी करायचा आणि मामाकडच्या छोट्या टीव्हीला लावून द्यायचा. थोरल्याचे जे गेम पीएस ४ वर चालतात ते सगळे मामाच्या मुलीला तिच्या आयडीवरून मिळतील, आणि खारघरचं कुलूप परत पडणार नाही. फक्त पीएस ५ साठी निघालेले गेम तिला मिळणार नाहीत. मशीन तुमचं, आयडी तुमच्या मुलाचा, तो टाकायला तो स्वतः गेला, पासवर्ड कुणाला सांगितला नाही. मला यात गैर वाटत नाही. पासवर्ड दुसऱ्याला देणं मात्र कंपनीच्या नियमात बसत नाही, मग तो मामा असो की मित्र.

पीएस ४ कधी विकायचा झालाच तर आधी प्रायमरी काढून टाका. मशीन हातातून गेलं की एकच मार्ग उरतो, वेबसाइटवरून सगळी मशीन एकदम निष्क्रिय करणं, आणि ते सहा महिन्यांतून एकदाच करता येतं. दिवा स्टेशनकडचं एक गिऱ्हाईक होतं. विजेच्या झटक्यात पीएस ४ चा बोर्ड जळला, मी बदलून दिला. बोर्ड बदलला म्हणजे कंपनीच्या लेखी ते मशीनच नवं, प्रायमरी जुन्या मेलेल्या बोर्डाच्या नावावर. वेबसाइटवरून काढायला गेला तर महिन्याभरापूर्वीच त्यानं ती संधी दुसऱ्या कारणासाठी वापरलेली. त्याच्या मुलीनं पुढचे पाच महिने त्याच्याच आयडीवरून खेळून काढले. तेव्हापासून बोर्ड बदलायच्या आधी मी विचारतो, यावर कुणाकुणाचं प्रायमरी आहे? मशीन थोडं जरी चालू होत असेल तर आधी ते काढून घेतो.

आता लॅपटॉप. स्टीमचं गणित वेगळं आहे आणि माझ्या मते कुटुंबासाठी ते जास्त सरळ आहे. २०१४ पासूनच्या जुन्या पद्धतीत एकाची आख्खी लायब्ररी उधार मिळायची आणि मालकानं स्वतःचा कुठलाही गेम लावला की उधार घेणाऱ्याला उठावं लागायचं. घरोघरी भांडणं. सप्टेंबर २०२४ मध्ये स्टीम फॅमिलीज सर्वांसाठी आलं आणि ते भांडण मिटलं. एका फॅमिलीत जास्तीत जास्त सहा जण, सगळ्यांचे गेम एकत्र दिसतात, प्रत्येकाचं सेव्ह आणि बक्षिसं वेगळी. थोरला हॉस्टेलवर एक गेम खेळतोय आणि धाकटा घरी त्याच्याच लायब्ररीतला दुसरा गेम खेळतोय, चालतं. पण एकाच गेमची एकच प्रत असेल तर एका वेळी एकच जण. दोघांना तोच गेम एकत्र खेळायचा असेल तर दोन प्रती लागतात. वर प्लेस्टेशनचं सांगितलं त्याच्या हे बरोब्बर उलटं आहे, आणि इथे लोक हमखास फसतात. दोघांनी मिळून खेळायचा गेम घेताना म्हणून आधी ठरवा की तो कुठे घ्यायचा.

धाकट्याला फॅमिलीत मूल म्हणून घ्या, मोठा म्हणून नको. मग कुठले गेम दिसावेत, रोज किती वेळ खेळावं हे तुम्हाला ठरवता येतं. त्याला गेम हवा असेल तर तो त्याची मागणी पाठवतो, तुम्ही तुमच्या फोनवरून मंजूर करून पैसे भरता. तुमचं किंवा त्याच्या बाबांचं खातं फॅमिलीत मोठं माणूस म्हणून हवं, सगळा कारभार थोरल्यावर सोडू नका. काही गेम फॅमिलीत दिसणारच नाहीत. ज्यांना स्टीमशिवाय दुसऱ्या कंपनीचं खातं किंवा वर्गणी लागते ते, आणि ज्यांच्या निर्मात्यानं परवानगी दिली नाही ते.

हॉस्टेलवरच्या पहिल्याच आठवड्यात मात्र कुणीतरी म्हणणार, ‘अरे, तुझ्या फॅमिलीत जागा आहे ना, घे की मला!’ इथे थोरल्यानं ठाम राहायला हवं, आणि त्याची कारणं त्याला सांगा, नुसतं ‘नको’ म्हणू नका. स्टीमनं ही सोय एका घरातल्या माणसांसाठी दिली आहे, हे पहिलं. दुसरं, एकदा भरलेली जागा रिकामी झाली तरी ती वर्षभर पुन्हा भरता येत नाही. रूम पार्टनर तीन महिन्यांत दुसऱ्या खोलीत गेला तर तुमची जागा अडकली. त्यालाही आत आल्यापासून वर्ष झाल्याशिवाय दुसऱ्या फॅमिलीत जाता येत नाही. तिसरं सर्वांत वाईट. त्या मुलानं थोरल्याची प्रत खेळताना चीटिंगचं सॉफ्टवेअर वापरलं आणि पकडला गेला, तर त्या गेममध्ये थोरल्यावरही बंदी येते. वर्षानुवर्षं जमवलेली रँक दुसऱ्याच्या खोडीपायी जाते. धाकट्याच्या बाबतीतही हा धोका आहेच, म्हणून त्यालाही समजावून सांगा.

एक्सबॉक्स तुमच्याकडे नाही, तरी मामा पुढे घेईल म्हणून एका वाक्यात सांगतो. तिथे ‘होम एक्सबॉक्स’ म्हणतात, तत्त्व प्लेस्टेशनसारखंच आहे आणि वर्षाला पाच वेळा बदलता येतं. निन्टेन्डोनं २०२५ मध्ये व्हर्च्युअल गेम कार्ड आणलं, त्यात फॅमिली ग्रुपमधल्या माणसाला गेम चौदा दिवसांसाठी उसना देता येतो, दिला की तेवढे दिवस आपल्याकडे नसतो. एपिक या स्टीमसारख्याच ऑनलाइन दुकानात असली कौटुंबिक सोय नाही. तिथे दर आठवड्याला जे फुकट गेम मिळतात ते मुलांनी आपापल्या खात्यावर घेऊन ठेवावेत, एवढंच.

टेलिग्रामच्या अकराशेच्या गेमबद्दल. पाच हजारांचा गेम अकराशेला कसा देतात ते सांगतो, मग घ्यायचा की नाही ते तुम्हीच ठरवा. विकणारा एक नवा आयडी काढतो, बहुतेक वेळा ज्या देशात स्वस्त पडतो तिथला, आणि त्यावर तो गेम एकदाच विकत घेतो. मग वर सांगितलेल्या दोन वाटा तो वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकतो. पीएस ५ प्रायमरी एकाला, पीएस ५ सेकंडरी दुसऱ्याला, गेम पीएस ४ वरही चालत असेल तर पीएस ४ प्रायमरी तिसऱ्याला. प्रायमरीवाल्याच्या मशीनवर त्याचं शेअरिंग लावलं जातं, म्हणून तो आपल्या आयडीवरून खेळतो. सेकंडरीवाल्याला त्या परक्या आयडीनंच, नेट लावून खेळावं लागतं, म्हणून ते स्वस्त. मघाच्या भाड्याच्या भाषेत सांगायचं तर लीव्ह अँड लायसन्सचा एकच फ्लॅट तिघांना पोटभाड्यानं दिलाय आणि करार चौथ्याच्याच नावावर आहे.

पुढे काय होतं तेही पाहिलंय. काही महिन्यांनी विकणारा वेबसाइटवरून सगळी मशीन निष्क्रिय करतो आणि तीच प्रायमरी नव्या गिऱ्हाइकाला विकतो. तुमच्याकडे कुलूप. मेसेज केला की ‘भाऊ, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे’, मग ब्लॉक. कधी तो गेम दुसऱ्याच्या कार्डावर घेतलेला असतो. कार्डवाला बँकेत तक्रार करतो, पैसे उलटतात आणि आख्खा आयडी बंद होतो. कधी त्या गेमसाठी तुम्ही तुमच्या भारतीय आयडीवर एखादं वाढीव पॅक घेता, ते चालतच नाही, कारण गेम दुसऱ्या देशाच्या दुकानातला आणि पॅक इथलं. माझ्या काउंटरवर याचे पैसे परत मिळवून द्या म्हणून मुलं येतात. मी काय करणार? बिल नाही, नाव नाही, समोरच्याचा नंबर बंद. आणि ज्या वेळी विकणारा म्हणेल की ‘तुमच्या आयडीचा पासवर्ड पाठवा, मी सेट करून देतो’, त्या वेळी फोन ठेवून द्या.

स्वस्तातच हवं असेल तर त्यापेक्षा सीडी, म्हणजे गेमची डिस्क घ्या. पोरं तिला अजून सीडीच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. तुमच्या पीएस ५ ला ड्राइव्ह असेल तर एकदाच खेळून संपणारे, गोष्ट सांगणारे गेम सीडीवर घ्यावेत. सीडीत लायसन्स सीडीपाशीच असतं. ज्याच्या मशीनमध्ये ती आहे तिथे कुणाच्याही आयडीवर गेम चालतो, संपला की मामाकडे पाठवा, तिकडून आला की विकून टाका. २०१३ साली एक्सबॉक्स वन जाहीर झालं तेव्हा मायक्रोसॉफ्ट सीडीवरही बंधनं आणि दिवसातून एकदा नेटची तपासणी घालणार होतं. तेव्हा सोनीनं जेमतेम वीस-बावीस सेकंदांचा व्हिडिओ काढला, ‘आमच्याकडे गेम असा शेअर करतात’, आणि त्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात डबी देतो, संपलं. मायक्रोसॉफ्टनं त्याच जूनमध्ये निर्णय मागे घेतला. आज त्याच सोनीचे ड्राइव्ह नसलेले पीएस ५ मी रोज दुरुस्त करतो, ते सोडा. सीडीलाही सगळं जमतं असं नाही. युबिसॉफ्टनं ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर २०२४ च्या ३१ मार्चला बंद केले, तेव्हा ज्यांच्याकडे सीडी होती त्यांचाही गेम बंदच पडला, कारण तो नेटशिवाय चालतच नव्हता. रोज मित्रांबरोबर खेळायचे गेम डिजिटल घ्या, बाकीचे सीडीवर. मी माझ्या घरी तसंच करतो.

राहता राहिला थोरल्याचा आयडी. तुम्ही लिहिलं नाही, पण मी पैज लावतो की तो लहानपणी काढलेला आहे, बाबांच्या कुठल्यातरी जुन्या ई-मेलवर, आणि जन्मतारीख मोठं दिसावं म्हणून मनानं टाकलेली. आज त्या आयडीवर चाळीस-पन्नास हजारांचे गेम असतील. पासवर्ड विसरला आणि ई-मेल बंद पडलेला असला, तर कंपनी सर्वांत आधी नोंदवलेली जन्मतारीख आणि जुन्या खरेदीचा तपशील विचारते. ती तारीख कुणाला आठवत नाही. म्हणून हॉस्टेलला जायच्या आधी ई-मेल चालू असलेला टाका आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. त्या वेळी जे बॅकअप कोड मिळतात ते कागदावर उतरवा आणि जिथे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट ठेवता त्याच फाइलला लावा. फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका. फोन हरवला तरच ते कोड लागतात, आणि तेव्हा फोटोही फोनबरोबरच गेलेला असतो.

पीएस ४ माळ्यावर किती वर्षं आहे माहीत नाही. थेट मामाच्या टीव्हीला लावू नका, आत झुरळं आणि धूळ असते, फॅन ओरडायला लागतो. ट्रान्स-हार्बरनं ठाण्याला येणारच आहात तर वाटेत दुकानात टाका, साफ करून आणि पेस्ट बदलून संध्याकाळी देतो. वायरी माझ्याकडे आहेत, फक्त मशीन आणि पॅड आणा. आणि थोरल्याला सोबत आणा, प्रायमरी त्याच्याच हातून काउंटरवर करून घेऊ.